छायाचित्र, बालमनातील शोक आणि कुटुंबस्मृती : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तुत लेखात छायाचित्राचा विचार राजकीय इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे, तर कोवळ्या वयात आई-वडील गमावलेल्या मुलांच्या स्मृतीचा आधार म्हणून करावयाचा आहे. वर्धा जिल्हा या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो. कारण छायाचित्रांची विपुलता आणि त्यांचे दारिद्र्य या दोन्ही गोष्टी येथे काही कोसांच्या अंतरात आढळतात.

विपुलता सेवाग्रामची. गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी यांनी १९३८ ते १९४८ या दशकात आश्रमजीवनाची असंख्य छायाचित्रे टिपली. (जुहूच्या किनाऱ्यावर गांधीजींची काठी धरून पुढे चालणारा मुलगा म्हणजे हे कनू नव्हेत, तो रामदास गांधींचा पुत्र.) कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले. गांधीजींनी मात्र तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरावयाचा नाही, कोणालाही छायाचित्रासाठी मुद्दाम बसावयास वा उभे राहावयास सांगावयाचे नाही आणि आश्रम खर्च करणार नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे निधन झाले. त्या अंतिम घटकांचे छायाचित्र घेण्यास गांधीजींनी कनूंना मनाई केली. सतत कॅमेऱ्यासमोर वावरलेल्या या पुरुषाने शोकाची सीमा मात्र स्पष्ट आखली होती, ही बाब लक्षणीय आहे.

त्याच बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई वारले. त्यांचे पुत्र नारायण तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि आईसह सेवाग्रामला होते. अंत्यदर्शन त्यांना लाभले नाही. दहनही पॅलेसच्या आवारातच झाले. महादेवभाई अनेक छायाचित्रांत दिसतात, परंतु बहुधा कडेला, हाती कागद घेतलेले. राष्ट्राच्या दृष्टीने ते चित्राचा काठ होत. पुत्राच्या दृष्टीने तेच चित्राचे केंद्र. नारायणभाईंनी पुढे वडिलांचे जे गुजराती चरित्र लिहिले आणि ज्यास १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, ते एका अर्थाने काठावरच्या माणसाला मध्यभागी आणण्याचे कार्य होते.

दारिद्र्य आहे ते कापूस पिकविणाऱ्या गावांतील घरांचे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये केंद्र शासनाने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. अशा घरांत मृताचे बहुधा एखादेच छायाचित्र असते : लग्नातले किंवा ओळखपत्राचे. तेरवीच्या आत ते स्टुडिओत नेऊन मोठे केले जाते; चेहरा कापून मागे निळे आकाश, क्वचित अंगावर कधीही न घातलेला कोटही चढविला जातो. दोन-तीन वर्षांच्या लेकरास वडिलांची स्वतंत्र आठवण उरत नाही. हार घातलेली तसबीर आणि आईचे सांगणे यांतूनच त्याचे वडील घडतात. म्हणजे एका कारकुनी गरजेपुरता काढलेला चेहराच कुटुंबाच्या इतिहासाचे मूळ साधन होऊन बसतो. हल्ली मोबाइलमध्ये आवाज आणि हालचालही उरतात, पण दुरुस्तीस न येणारा मोबाइल त्या सर्वांसह जातो.

वृत्तपत्रांनी या घरांत कॅमेरा नेला, हे उपकारकच झाले. तथापि, मांडीवर तसबीर घेतलेली विधवा आणि बाजूला उभी केलेली मुले हा साचा इतका रूढ झाला की, गांधीजींची दुसरी अट तेथे रोज मोडली गेली. ते मूल मोठे झाल्यावर स्वतःचे ते छायाचित्र पाहील, याचा विचार क्वचितच झाला असावा. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्त यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात दिवंगत आईच्या बालपणीच्या छायाचित्राविषयी विस्ताराने लिहिले, परंतु ते छापले मात्र नाही. खाजगी शोक इतरांस केवळ एक चित्र म्हणून दिसेल, ही त्यांची भूमिका येथेही लागू पडते.

म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पांतून असे संकलन करावयाचे झाल्यास कॅमेरा आणि निवड मुलांच्या हाती असावी. जुन्या छायाचित्राची चांगली प्रत प्रथम घरी द्यावी, महाविद्यालयाकडे नंतर. प्रकाशनाची संमती आईकडून घेतली, तरी मूल सज्ञान झाल्यावर ती पुन्हा विचारावी. आणि प्रत्येक प्रतीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे : कोणी काढले, कोठे, कोणत्या वर्षी, आणि चौकटीबाहेर त्या वेळी कोण उभे होते.