परभणीच्या सरकत्या हद्दी आणि जनगणनेचे आकडे

चुडावा हे पूर्णा तालुक्यातले, परभणी जिल्ह्याच्या पूर्व काठावरचे गाव. पूर्णेहून नांदेडकडे जाणारी गाडी चुडावा सोडते आणि पुढचे लिंबगाव स्टेशन नांदेड जिल्ह्यात लागते. उत्तरेकडचा वसमत तालुका आज हिंगोलीत आहे. १९९९ पर्यंत तोही परभणीतच होता. गाव जागचे हलले नाही, जिल्हा मात्र दोनदा आक्रसला. जुन्या-नव्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता; तिथली पहिली जनगणना १८८१ साली झाली. त्या काळचा तालुका सलग नसे. दिवाणी (सरकारी) मुलखात मध्येच जहागिरीची गावे, कुठे सर्फ-ए-खासची, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगी मालकीची. १९४९ मध्ये जहागिरी खालसा झाल्या आणि ही गावे सरकारी तालुक्यांत आली. त्यामुळे १९४१ आणि १९५१ चे तालुकावार आकडे एकमेकांसमोर ठेवणे धोक्याचेच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेडमधील मुधोळ, भैंसा हा भाग आंध्रात गेला. परभणी मात्र अख्खा मुंबई राज्यात आला.

काटछाट पुढे झाली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका तिकडे गेला. त्या वर्षीची शिरगणती त्याआधीच उरकली होती, म्हणून १९८१ च्या मोजणीत परतूर परभणीत, १९९१ च्या मोजणीत जालन्यात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव व हिंगोली हे तालुके गेले.

आता आकडे. १९९१ मध्ये परभणी जिल्ह्यात २१,१७,०३५ माणसे होती. २००१ मध्ये १५,२७,७१५. सरळ वजाबाकी केली तर जिल्हा २८ टक्क्यांनी ओस पडला असे वाटेल. प्रत्यक्षात उरलेल्या तालुक्यांची १९९१ ची बेरीज सुमारे १२ लाख ९३ हजार होती. म्हणजे लोकसंख्या १८ टक्क्यांनी वाढली. जनगणना खाते १९०१ पासूनच्या दशवार्षिक वाढीचा तक्ता देते, त्यात मागचे आकडे असेच नव्या हद्दीत बसवून घेतलेले असतात. तेव्हा जुन्या ग्रंथातला आकडा आणि नव्या तक्त्यातला आकडा जुळला नाही, तर चूक छापखान्याची धरू नये.

ही जुळणी शक्य होते ती महसुली गावामुळे. तालुके, जिल्हे, अगदी राज्येही बदलली, तरी जमीन-मोजणी झालेल्या गावाची शीव सहसा कायम राहते. वस्ती उठून गेलेले बेचिराख गावसुद्धा यादीतून गळत नाही. नावापुढे लोकसंख्या शून्य येते, एवढेच. १९६१ मध्ये पूर्णा नावाचा तालुकाच नव्हता, पण आजच्या तालुक्यातली गावे जुन्या याद्यांतून वेचून त्याची तेव्हाची लोकसंख्या काढता येते.

काम वाटते तितके सोपे नाही. एकाच नावाची गावे पुष्कळ, बुद्रुक-खुर्दच्या जोड्या वेगळ्याच. उर्दू दप्तरात ऱ्हस्व स्वर लिहीत नसत, रोमन लिपीत तर चुडाव्याच्या शेवटच्या ‘वा’साठीही v आणि w अशी दोन अक्षरे चालतात, आणि संगणक त्यांना दोन गावे समजतो. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे, त्यामुळे तिथून पुढची जुळणी सुकर होते. मागची हातानेच करावी लागते. खरी अडचण वाडी-तांड्यांची. मूळ गावातच मोजलेला तांडा पुढे स्वतंत्र महसुली गाव झाला, तर त्याचा जुना आकडा वेगळा मिळतच नाही. मग दोन्ही गावे पुन्हा एकत्र धरायची, किंवा क्षेत्रफळाच्या प्रमाणात अंदाजे वाटणी करायची. पहिला मार्ग अधिक प्रामाणिक. दुसऱ्यात माणसे जमिनीवर सारखी पसरली आहेत असे गृहीत धरावे लागते, आणि तांड्यावर तसे कधीच नसते.

मोजणी चालू असताना हद्दी हलू नयेत म्हणून त्या आधीच गोठवतात. २०२७ च्या जनगणनेसाठी ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ ठरली. त्यानंतर गणती संपेपर्यंत कोणतेही गाव या तालुक्यातून त्या तालुक्यात नेता येत नाही.