बॅटरीचे पोट फुगते तेव्हा : पाउच सेलचा छोटा इतिहास

देगलूरच्या माझ्या दवाखान्यात परवा एक गृहस्थ बीपी तपासायला आले. त्यांच्या मोबाईलचे मागचे झाकण वर आले होते आणि त्यावर रबरबँड लावलेला होता. "काही नाही डॉक्टरसाहेब, बॅटरी जराशी फुगलीय," ते म्हणाले. अचानक पोट फुगलेल्या रुग्णाला आपण तसेच घरी पाठवत नाही. बॅटरीचेही तसेच आहे.

बॅटरीच्या जन्मामागे एक डॉक्टरच आहे. इटलीतील बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी यांनी पाहिले की दोन वेगळे धातू लावताच मेलेल्या बेडकाचा पाय आखडतो. १७९१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. वीज बेडकात आहे, असे त्यांना वाटले. ती धातूंमुळे येते, असे अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले. त्यांनी १८०० मध्ये धातूच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे एकावर एक रचून पहिली बॅटरी केली.

पुढे जवळपास दोनशे वर्षे बॅटरी कडक भांड्यात राहिली. टॉर्चचा सेल आठवा. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली लिथियम-आयन बॅटरीही धातूच्या डब्यातच होती. त्याच दशकात डबा जाऊन पाउच आले. ओआरएसच्या पुडीसारखेच हे आवरण असते: मध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा, दोन्ही बाजूंना प्लास्टिक. सेल हलका आणि चपटा झाला, पण आत वायू झाला की तो फुगू लागला.

हीच उणीव संशोधकांच्या कामी आली. कडक डब्यात आतला बिघाड चटकन दिसत नाही, मऊ पाउचमध्ये दिसतो. कॅनडातील डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने पाउच सेल द्रवात बुडवून वजनकाट्याला टांगले. वायू वाढला की सेल फुगतो आणि काट्यावरचे वजन कमी भरते. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच!

पुण्यात केपीआयटी कंपनीने आयसर संस्थेच्या साथीने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. बॅटरीसाठी सुचलेले कोणतेही नवे द्रव्य सहसा आधी नाण्याएवढ्या सेलमध्ये तपासतात, मग पाउचमध्ये.

थोडक्यात, फुगणे हे लक्षण आहे. आतले रसायन बिघडत असून तयार झालेला वायू पेट घेऊ शकतो. म्हणून :

• फुगलेला मोबाईल चार्जिंगला लावू नका, उशाशी ठेवू नका.
• बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. सर्व्हिस सेंटरला द्या.
• भाजल्यास २० मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट नको.
• डोळ्यात काही उडाल्यास लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे या.

त्या गृहस्थांचे बीपी नॉर्मल निघाले. चिठ्ठीवर मी एकच सल्ला लिहिला : बॅटरी आजच बदला.