हात हलका झाला, पण दावा?

आपल्याकडे पृथ्वीचा भार शेषाने मस्तकावर घेतला आहे, तर ग्रीकांकडे आकाशाचा भार ॲटलसने खांद्यावर पेलला आहे. शरीरशास्त्रज्ञांनी याच ॲटलसचे नाव आपल्या मानेच्या पहिल्या मणक्याला दिले. साडेचार-पाच किलोचे डोके हा अंगठीसारखा मणका तोलून धरतो! कवटी आणि ॲटलस यांच्यामधल्या सांध्यामुळे आपण मान डोलावून 'हो' म्हणतो. ॲटलस आणि त्याखालचा दुसरा मणका यांच्यामधल्या सांध्यामुळे मान हलवून 'नाही' म्हणतो. या एवढ्याशा जागेभोवती सव्वाशे वर्षांचा एक वाद उभा आहे. आज त्याबद्दल थोडेसे.

सुरुवात अमेरिकेतली, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावची. तिथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ हातांनी 'चुंबकीय' उपचार करीत. त्याच इमारतीत हार्वे लिलार्ड हा सफाई कामगार होता. पामर यांनी लिहून ठेवले आहे की, सतरा वर्षांपूर्वी वाकून काम करताना त्याच्या पाठीत काहीतरी सरकले आणि त्याला ऐकू येईनासे झाले. सप्टेंबर १८९५ मध्ये पामर यांनी त्याच्या पाठीचा मणका हाताने 'जागेवर' बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले! कायरोप्रॅक्टिकचा जन्म तो हा. ग्रीक भाषेत 'हाताने केलेले' अशा अर्थाचे हे नाव. १८९७ साली पामर यांची शाळाही सुरू झाली. सरकलेल्या मणक्यामुळे मज्जातंतू अडतात आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात, हा त्यांचा सिद्धांत.

इथे एक अडचण आहे. ऐकण्याचा मज्जातंतू कानातून निघून कवटीच्या आतूनच मेंदूला जातो, पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंध येत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर सिद्धांत उभा राहिला, तीच त्या सिद्धांतात बसत नाही.

पुढचा अंक त्यांच्या मुलाचा, बी. जे. पामर यांचा. वडील १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगात गेले आणि शाळा मुलाच्या हाती आली. बी. जे. मोठे हुशार आणि तितकेच जाहिरातबाज. १९१० साली त्यांनी क्ष-किरण यंत्र आणले, १९२२ मध्ये चक्क रेडिओ केंद्र विकत घेतले. (रोनाल्ड रेगन यांनी निवेदक म्हणून पहिली नोकरी १९३२ साली याच केंद्रावर केली!) १९३०च्या दशकात बी. जे. म्हणू लागले की सगळा कणा दाबत बसायची गरजच नाही, खरी मेख मानेच्या वरच्या दोन मणक्यांत आहे. वडिलांचा सिद्धांत तसाच राहिला, फक्त त्याची जागा आकसून मानेत आली.

हात हलका झाला तो यानंतर. १९४०च्या दशकात मिशिगन राज्यातल्या जॉन ग्रॉस्टिक यांनी क्ष-किरण चित्रांवर रेघा आखून ॲटलस किती कलला आहे हे मोजायची रीत बसवली. त्यांच्याच परंपरेतल्या राल्फ ग्रेगरी यांनी १९६६ साली 'नुक्का' ही संस्था काढली. या पद्धतीत रुग्ण कुशीवर झोपतो आणि उपचार करणारा कानामागे, कवटीखाली, अगदी हलका दाब देतो. 'कडाक्' आवाज नाही, पिळणे नाही. केस कापून झाल्यावर आपले न्हावी मान मोडतात त्याच्या अगदी उलट!

माझी भाची अमेरिकेत असते आणि तिला अर्धशिशीचा जुना त्रास आहे. तिला याच उपचाराबद्दल कुणी सुचवले. "मावशी, मान मोडत नाहीत गं, नुसता हात टेकवतात. काय हरकत आहे?" मी डॉक्टर नाही, इतिहासाची मास्तरीण. तरी तिचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण मानेचा मामला साधा नव्हे. मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून दोन रक्तवाहिन्या वर जातात आणि ॲटलसला वळसा घालून मेंदूत शिरतात. मानेला झटका दिल्यावर त्या फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटले की असा संबंध दिसतो, पण झटका हेच कारण असे सिद्ध झालेले नाही. आधीच फाटलेल्या वाहिनीमुळे मान दुखते आणि म्हणूनही माणूस उपचाराला जाऊ शकतो. तरीही रुग्णाला हा धोका आधी सांगावा, असा त्यांचा सल्ला. त्या दृष्टीने हलका हात बरा, हे मान्यच.

पण कमी त्रासाचा उपचार म्हणजे गुणकारी उपचार नव्हे. २००७ साली शिकागोतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ॲटलसवरच्या अशा उपचाराने रक्तदाब बराच उतरलेला दिसला. रुग्ण मात्र होते फक्त ५०! तेवढ्यावर रक्तदाबाची गोळी कुणी बंद करू नये.

डॉक्टरांची बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर वर्षानुवर्षे बहिष्कार घातला होता. चेस्टर विल्क आणि सहकारी १९७६ साली कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला. मात्र उपचार गुणकारी आहे की नाही, यावर त्यांनी निवाडा दिला नाही. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोर्टात वागणूक तपासली जाते, औषधाचा गुण नव्हे.

असो. माझ्यापुरता मी काढलेला अर्थ असा. या विद्येचा हात शंभर वर्षांत हलका झाला, ही तिची खरी कमाई. पण एक मणका नीट बसवला की सगळे शरीर सुधारते, असे म्हणणारे अजून आहेत, आणि तो दावा १८९५ सालाइतकाच जड आहे. म्हणून जाणाऱ्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मान आखडली म्हणून कुणी हलका दाब देत असेल, तर त्याचे ऐकून घ्यावे. तोच जर गोळ्या सोडायला सांगू लागला, तर ॲटलसच्या खालच्या सांध्याचा उपयोग करावा आणि सरळ 'नाही' म्हणावे.