तीन वाहिन्यांचा एक दिवस : १९५०च्या दशकातील ब्रिटिश नभोवाणी

दूरचित्रवाणीने घरोघरी बस्तान बसवण्यापूर्वी ब्रिटनमधील सर्वसामान्य कुटुंबाचा दिवस नभोवाणीच्या वेळापत्रकानुसार चालत असे. १९५० मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी २० लाख प्रसारण परवाने होते. केवळ रेडिओसाठीच्या परवान्याचे वार्षिक शुल्क १९४६ पासून एक पौंड इतके होते. या शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीच्या देशांतर्गत प्रसारणात जाहिरातींना स्थान नव्हते. लक्झेंबर्गहून रात्री ऐकू येणारे इंग्रजी प्रसारण हीच काय ती स्पर्धा.

श्रोत्यांसमोर तीन वाहिन्या होत्या. बातम्या, भाषणे, नाटके आणि प्रादेशिक कार्यक्रम देणारी ‘होम सर्व्हिस’ १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या उंबरठ्यावर सुरू झाली. मनोरंजनप्रधान ‘लाइट प्रोग्रॅम’ २९ जुलै १९४५ रोजी, तर अभिजात संगीत आणि साहित्याला वाहिलेला ‘थर्ड प्रोग्रॅम’ २९ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झाला. तत्कालीन महासंचालक विल्यम हेली यांनी ही रचना पिरॅमिडसारखी कल्पिली होती. श्रोत्याने हलक्याफुलक्या कार्यक्रमांपासून सुरुवात करावी आणि हळूहळू वरच्या पायरीवर जावे, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वरच्या पायरीवर मोजकेच श्रोते पोहोचले. लोकांना हवे ते द्यावे की त्यांना हवेसे वाटावे असे द्यावे, हा वाद मात्र त्या काळात सातत्याने होत राहिला.

सकाळची सुरुवात होम सर्व्हिसवरील हवामानवृत्त आणि बातम्यांनी होई. आठच्या बातम्यांपूर्वी पाच मिनिटांचे धर्मपर चिंतन असे. सव्वादहाची दैनंदिन प्रार्थना तर १९२८ पासून चालत आली होती. लाइट प्रोग्रॅमवर नऊनंतर ‘हाउसवाइव्ज चॉइस’ या कार्यक्रमात गृहिणींनी पत्रे पाठवून मागितलेली गाणी वाजवली जात. आकाशवाणीवरील ‘आपली आवड’ ऐकलेल्या मराठी श्रोत्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही.

साडेदहा वाजता ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ लागे. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतील उत्पादन वाढावे या हेतूने जून १९४० मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम शांततेच्या काळातही १९६७ पर्यंत टिकला. त्याचे नियम मोठे काटेकोर होते. लय एकसारखी हवी, संथ वा उदास गीते नकोत. टाळ्यांचा ठेका असलेले एक लोकप्रिय अमेरिकन गाणे तर वर्ज्यच ठरले, कारण कामगार हातातील अवजारे यंत्रांवर आपटून साथ देत! दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ‘वर्कर्स प्लेटाइम’ या कार्यक्रमासाठी कलावंत थेट कारखान्याच्या उपाहारगृहात जात आणि तेथूनच प्रसारण होई. त्यातील हशा स्टुडिओत निर्माण केलेला नसे.

होम सर्व्हिसवर याच सुमारास शालेय प्रसारण चाले. पावणेदोन वाजता लाइट प्रोग्रॅमवर पाच वर्षांखालील मुलांसाठी गोष्टी आणि गाणी असत, आणि लगेच दोन वाजता ‘वुमन्स अवर’. स्त्रियांसाठी ऑक्टोबर १९४६ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे पहिले निवेदक ॲलन आयव्हिमी हे पुरुष होते, ही गोष्ट आज गमतीची वाटते. चार वाजता ‘मिसेस डेल्स डायरी’ ही डॉक्टरच्या पत्नीच्या रोजनिशीवर बेतलेली मालिका आणि पाच वाजता मुलांचा ‘चिल्ड्रन्स अवर’ असे.

संध्याकाळी पावणेसातला ‘द आर्चर्स’ ऐकण्यासाठी लोक कामे आटोपून बसत. १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होऊ लागलेल्या या मालिकेमागे गॉडफ्री बेझली यांची कल्पना होती. ब्रिटनमधील अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. त्यामुळे शेतीविषयक नवी माहिती अँब्रिज या काल्पनिक गावातील कुटुंबाच्या बोलण्यातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावी, हा उद्देश होता. उपदेश कमी आणि घरगुती भांडणे अधिक असल्याने शहरातील श्रोतेही तिच्याशी बांधले गेले.

रात्रीच्या विनोदी कार्यक्रमांत ‘द गून शो’चा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. त्याचे प्रमुख लेखक आणि कलावंत स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात असल्याने त्यांचे बालपण पुणे आणि रंगून येथे गेले. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम यांच्यासह १९५१ ते १९६० या काळात त्यांनी ध्वनिपरिणामांचा असा काही अफलातून वापर केला की केवळ कानांनी पाहता येईल असे जग उभे राहिले. निवृत्त लष्करी अधिकारी आणि लालकाका व बॅनर्जी ही भारतीय पात्रे त्यात वावरत.

थर्ड प्रोग्रॅम संध्याकाळीच सुरू होई. डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वुड’ हे नभोनाट्य २५ जानेवारी १९५४ रोजी याच वाहिनीवर, रिचर्ड बर्टन यांच्या आवाजात प्रथम सादर झाले. दोन महिन्यांपूर्वीच निधन पावलेल्या कवीला ते ऐकता आले नाही. श्रोते थोडे असले तरी अशा कृतीला दुसरीकडे जागा मिळाली असती, असे वाटत नाही.

जून १९५३ मधील राज्यारोहण सोहळा रेडिओवर ऐकणाऱ्यांपेक्षा पडद्यावर पाहणाऱ्यांची संख्या अधिक होती. २२ सप्टेंबर १९५५ रोजी व्यावसायिक दूरचित्रवाणीचे उद्घाटन झाले, त्याच संध्याकाळी ‘द आर्चर्स’मधील नवविवाहित ग्रेसचा आगीत मृत्यू दाखवण्यात आला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत नव्या वाहिनीइतकीच चर्चा ग्रेसची झाली. रेडिओचा तो विजय अल्पकालीन होता. १९५७ मध्ये थर्ड प्रोग्रॅमच्या वेळेत कपात करण्यात आली आणि ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या नावांच्या जागी रेडिओ १ ते ४ या चार वाहिन्या आल्या. ‘वुमन्स अवर’ आणि ‘द आर्चर्स’ हे कार्यक्रम रेडिओ ४ वर आजही प्रसारित होतात.