कशेडीच्या दोन्ही अंगांची एक पिढी
(पलटणीची बंदी व तरुणांचें शिक्षण, १८९२–१९४१)

महाडाहून दक्षिणेस निघालेला रस्ता पोलादपूर मागें टाकून कशेडीचा घाट चढतो व पलीकडे खेड तालुक्यांत उतरतो. पूर्वींचा कुलाबा (१९८१ पासून रायगड) आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांची सीमा या घाटावर आहे. इतिहासाच्या अभ्यासकांस हा टापू परिचित आहे तो रायगडामुळें, उमरठच्या तानाजी मालुसऱ्यामुळें आणि खोतांच्या घरच्या दप्तरांमुळें. १८१८ नंतरच्या कागदांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. शिक्कामोर्तबाची मोडी सनद हातीं आली म्हणजे ती आपण मस्तकीं लावतों; आणि त्याच पेटींतला अर्धा छापील, अर्धा हस्तलिखित असा इंग्रजी पेन्शनीचा कागद रद्दींत घालतों. प्रस्तुत लेख या दुसऱ्या जातीच्या कागदांविषयीं आहे.

प्रश्न असा कीं, १८९२ च्या सुमारास महारांची पलटणींतील भरती बंद झाली, तेव्हां या टापूंतील तरुणांचें नेमकें काय गेलें? चाकरी गेली, हें उत्तर सर्वत्र देण्यांत येतें व तें खरेंही आहे. परंतु माझ्या मतें चाकरीपेक्षां मोठी गोष्ट गेली, ती शाळा.

मुंबई लष्करांत कंपनी सरकारच्या काळापासून महार शिपाई होते हें सांगावयास नकोच. भीमा कोरेगांवच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांतील ‘नाक’ या प्रत्ययाचीं नांवें पाहिलीं म्हणजे पुरे. पलटणीच्या जुन्या याद्या वाचतांना हाच प्रत्यय संशोधकाचा वाटाड्या होतो. या नोकरीचें एक अंग मात्र यादींत दिसत नाहीं. लष्करांत शिपायांच्या मुलांस शिक्षण सक्तीचें होतें, आणि तें मुलींसही होतें. ज्या गांवांत महाराच्या पोरास शाळेच्या ओटीवरही बसूं देत नसत, त्याच गांवचा शिपाई छावणींत असतां त्याचीं मुलें धुळाक्षरांपासून पुढें जात. डॉ. आंबेडकरांनीं या गोष्टीवर पुनःपुन्हां भर दिला आहे, व त्यांचें स्वतःचें घर हाच त्याचा पुरावा आहे. सावित्रीच्या दक्षिणेस मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें त्यांचें मूळ गांव. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेंत चौदा वर्षें मुख्याध्यापक होते.

अशा शिकलेल्या शिपायांची वस्ती निवृत्तीनंतर दापोली व महाड या बाजूस झाली. महाडनजीकच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८८६ मध्यें निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. १८८८ मध्यें ‘विटाळविध्वंसक’ ही प्रश्नरूप पुस्तिका त्यांनीं प्रसिद्ध केली, आणि १८९५ मध्यें महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हां वरिष्ठ वर्गांत मोठी खळबळ उडाली. पेन्शनरांची ही पिढी लिहिणारी होती, हें ध्यानांत धरावें. बंदी आली तेव्हां तक्रार करण्यास तिला दुसऱ्याचा हात सर्वस्वीं धरावा लागला नाहीं.

बंदीचें मूळ त्या काळच्या लष्करी विचारांत होतें. १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापति असलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांचा कांहीं जाति तेवढ्याच लढाऊ, या मतावर विश्वास होता, आणि पलटणी जातवार बांधण्याचें धोरण या सुमारास पक्कें झालें. सत्तर-ऐंशीं वर्षें ज्यांनीं बंदूक धरली ते एकाएकीं लढवय्ये नाहींत असें ठरलें! त्याच दऱ्यांतील मराठा तरुणांस पलटणीची वाट मोकळी राहिली. महार तरुणास ती राहिली नाहीं.

वलंगकरांनीं १८९४ मध्यें या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. त्यांत दक्षिणेंतील अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय होत, असा मुद्दा मांडलेला आहे. सरकार लढाऊपणा कुळावरून ठरवूं लागलें, म्हणून अर्जदारांसही कुळच पुढें करावें लागलें. पुढें १९१० मध्यें पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. त्याचा रोख सरकारच्या प्रजेस समान हक्क असावेत याकडे अधिक आहे. हे दोन अर्ज शेजारीं ठेवून वाचावेत. सोळा वर्षांत विचार किती पालटला तें दिसेल.

तिसऱ्या एका अर्जाची हकीकत संग्राहकांस विशेष रुचेल. १९४३ मध्यें पुण्यास न्यायमूर्ति रानड्यांवर दिलेल्या व्याख्यानांत डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें कीं, वडिलांचे जुने कागद चाळतांना याच बंदीविरुद्धचा एक अर्ज आपणांस सांपडला, व चौकशीअंतीं तो रानड्यांनीं लिहून दिलेल्या अर्जांपैकीं एक असल्याचें कळलें. रानड्यांच्या कार्याचा हा दुवा निवृत्त सुभेदाराच्या कागदांत जगला. तो गठ्ठा त्या घरीं कोणीं निरुपयोगी मानला असता तर?

आतां पुढच्या पिढीकडे वळूं. १९ मार्च १९२७ रोजीं महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यामुळें ती अजरामर झाली. पण अध्यक्षीय भाषणाचा पूर्वभाग फारसा वाचला जात नाहीं. पलटणींतील नोकरीमुळें हा भाग एके काळीं विद्येंत व मानांत पुढें होता आणि भरती बंद झाल्यापासून त्यास उतरती कळा लागली, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. परिषदेच्या आयोजकांपैकीं रामचंद्र बाबाजी मोरे हे १९०३ मध्यें महाड तालुक्यांतील लाडवली येथें जन्मले, म्हणजे बंदीनंतरच्या पिढीचे. शिष्यवृत्ति मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेंत त्यांस प्रथम प्रवेश नाकारण्यांत आला. त्या मुलानें वृत्तपत्रांत तक्रार धाडली, तेव्हां दार उघडलें, तरी बसण्याची जागा वेगळीच राहिली. छावणींतील शाळा नाहींशी झाल्यावर गांवच्या शाळेशीं गांठ पडली, ती अशी.

ज्यांस शाळा मिळाली नाहीं त्यांस वतनाची वेठ किंवा मुंबई. गोदी, रेल्वे, गिरणी यांत कोंकणचे तरुण लोटले. परंतु गिरणींतही विणखात्यांत अस्पृश्यांस मज्जाव होता. कांडीचें सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, त्यास विटाळाची सबब होती. आणि अधिक मजुरी त्याच खात्यांत होती. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न पुढाऱ्यांपुढें मांडला. म्हणजे घाटाखालीं शाळेच्या दारांत जो विटाळ आडवा आला, तोच मुंबईंत मागावर आडवा आला.

पलटणीचें दार मध्यंतरीं एकदां किलकिलें झालें. महायुद्धाच्या गरजेपोटीं १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली, व युद्ध सरल्यावर लवकरच मोडली. कायमची महार रेजिमेंट बेळगांवीं उभारली गेली ती १९४१ च्या ऑक्टोबरांत. बंदीच्या वर्षीं वीस वर्षांचा असलेला तरुण तेव्हां सत्तरीस आला होता, आणि त्याच्या नातवाचें भरतीचें वय झालें होतें.

एका घरच्या तीन पिढ्यांचा हा हिशेब मांडावयाचा तर साधनें तीन ठिकाणांहून जुळवावीं लागतील: आजोबाचा पेन्शनीचा कागद, बापाचा गिरणींतला हजेरीचा पास, आणि नातवाचें शाळेंतील दाखल-खारिजाच्या पुस्तकांतील नांव. पहिल्या कागदावर पलटणीचा क्रमांक व निवृत्तीचें साल, तिसऱ्यांत वय व शाळा सोडण्याचें कारण, इतकें वाचतां आलें तरी काम होतें. कोंकणची हवा दमट. वाळवी सनद आणि पेन्शनीचा कागद यांत भेद करीत नाहीं. महाड, पोलादपूर, खेड, दापोली या बाजूस ज्या वाचकांचें जाणें-येणें असेल त्यांनीं असे कागद मूळ धन्याच्या घरींच राहूं देऊन त्यांच्या नकला कराव्यात, व ‘नाक’ प्रत्ययाचें नांव आणि पुढें घेतलेलें आडनांव हीं दोन्हीं शेजारीं टिपून ठेवावींत.