दयामातेच्या नदीकाठचे ऋतू

वसईतील मर्सेस आणि गोव्यातील मर्सेस ही दोन्ही गावे आपल्या परिचयाची आहेत. दयामातेच्या पोर्तुगीज नावावरून ती नावे रूढ झाली, हेही बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. परंतु याच मातेच्या नावाची एक नदी दूर अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वाहते, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर आलेली नसते. सप्टेंबर १८०६ मध्ये गाब्रिएल मोरागा हा स्पॅनिश अधिकारी आपल्या तुकडीसह एका रखरखीत मैदानातून मार्ग काढीत असता त्याला ही नदी भेटली. दयामातेचा सण २४ सप्टेंबरचा. तो नुकताच होऊन गेला होता. मोरागाने नदीला 'आमच्या दयामातेची नदी' असे नाव दिले. आज नकाशावर त्यातले 'मर्सेड' एवढेच उरले आहे.

या नदीच्या वरच्या अंगाला योसेमिटी नावाची दरी आहे. लांबी सुमारे सात मैल, रुंदी जेमतेम एक मैल आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे. त्यांतील एल कॅपिटन नावाचा कडा तळापासून सुमारे तीन हजार फूट उंच आहे. निसर्ग डोळे भरून पाहणे, त्याचे छायाचित्र घेणे आणि त्याचे रक्षण करणे या तीन गोष्टींचे परस्परांशी नाते काय, याचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांला या दरीचा इतिहास आठवतो. तो इतिहास जितका उन्नत करणारा आहे, तितकाच अंतर्मुख करणाराही आहे.

काचेवर उतरलेले पर्वत

कार्लटन वॉटकिन्स हा न्यूयॉर्क राज्यातील तरुण सोन्याच्या शोधात निघालेल्या लोंढ्याबरोबर कॅलिफोर्नियात आला. सोन्याऐवजी त्याच्या हाती कॅमेरा आला. १८६१ च्या उन्हाळ्यात तो योसेमिटीत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर मुद्दाम बनवून घेतलेला एक प्रचंड कॅमेरा होता. त्यात १८ बाय २२ इंचांची काच बसत असे. छायाचित्र मोठे करून छापण्याची सोय त्या काळी सुलभ नव्हती. जेवढे चित्र हवे तेवढीच काच वापरावी लागे. काचेवर कोलोडियनचा चिकट लेप द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि लेप सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायचे, अशी ती रीत होती. काचा, रसायने, तंबू, सारा संसार खेचरांच्या पाठीवर. एक धुळीचा कण किंवा एक वाऱ्याची झुळूक, आणि दिवसभराचे श्रम वाया! अशा परिस्थितीत त्याने सुमारे तीस मोठी चित्रे घेतली.

डिसेंबर १८६२ मध्ये ती चित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. त्याच शहरात, दोनच महिन्यांपूर्वी, अँटिएटमच्या रणभूमीवरील मृत सैनिकांची छायाचित्रे लोकांनी सुन्न मनाने पाहिली होती. मनुष्य मनुष्याचे काय करतो हे एका कॅमेऱ्याने दाखविले. परमेश्वराने काय निर्माण केले आहे हे दुसऱ्याने दाखविले. सेनेटर जॉन कॉनेस यांनी योसेमिटीच्या रक्षणाचे विधेयक मांडले आणि युद्ध चालू असतानाच, ३० जून १८६४ रोजी, अब्राहम लिंकन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. ही दरी आणि जवळचे महावृक्षांचे वन लोकांच्या उपयोगासाठी कायमचे राखावे, अशा अटीवर ते कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली झाले. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाणारे यलोस्टोन त्यानंतर आठ वर्षांनी, १८७२ मध्ये घोषित झाले. या कायद्यामागे वॉटकिन्सच्या चित्रांचा मोठा हात होता, असे इतिहासकार मानतात. ज्यांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती, त्यांनी ती राखली. कारण कोणीतरी ती त्यांच्यापर्यंत आणून पोहोचविली होती.

वॉटकिन्सच्या वाट्याला मात्र दारिद्र्य आले. कर्जापायी निगेटिव्ह दुसऱ्याच्या हाती गेली. दृष्टी जवळजवळ गेली. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्को शहरात जी आग लागली, तीत त्याचा स्टुडिओ आणि उरलेसुरले काम भस्मसात झाले. १९१० मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. जून १९१६ मध्ये तो तेथेच वारला. त्याच्या थडग्यावर नावही नव्हते.

चौदा वर्षांचा मुलगा

आता परमेश्वरी योजनेचा एक योगायोग पाहा. त्याच भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोमधील एक चार वर्षांचा मुलगा बागेच्या भिंतीवर आदळला आणि त्याचे नाक मोडले. पुढे, वॉटकिन्सने डोळे मिटले त्याच जून १९१६ मध्ये, चौदा वर्षांचा झालेला तो मुलगा आईवडिलांबरोबर प्रथमच योसेमिटीत आला. वडिलांनी त्याच्या हाती एक साधा बॉक्स कॅमेरा दिला. मुलाचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्यानंतर १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ प्रत्येक वर्षी तो या दरीत येत राहिला.

१० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅडम्स काही मित्रांबरोबर, पाठीवर कॅमेरा व बारा काचा घेऊन, हाफ डोम या कड्यासमोरच्या उंच जागी बर्फातून चढून गेला. तेथे पोहोचेपर्यंत दोनच काचा उरल्या होत्या. एका काचेवर त्याने नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून चित्र घेतले. पण लगेच त्याला वाटले की डोळ्यांना दिसले ते आले, मनाला भिडले ते आले नाही. शेवटच्या काचेसाठी त्याने गडद लाल फिल्टर लावला. आकाश काळेभोर उतरले आणि त्यावर तो कातळ एखाद्या महामंदिराच्या भिंतीसारखा उभा राहिला. चित्र घेण्यापूर्वीच ते मनात पूर्ण पाहावयाचे, ही त्याची पुढील सर्व साधना त्या शेवटच्या काचेपासून सुरू झाली.

पुढे तो बायकोच्या माहेरच्या स्टुडिओत, दरीतच राहू लागला. त्यामुळे ऋतू त्याला पाहुण्यासारखे नव्हे, शेजाऱ्यासारखे भेटले. वसंतात वरचे बर्फ वितळते आणि मे महिन्यात धबधबे तुडुंब भरून कोसळतात. योसेमिटीचा मुख्य धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट उतरतो. आपल्याकडे धबधबे आषाढाच्या सरींनी जागे होतात, तेथे वैशाखाच्या उन्हाने! ऑगस्टअखेर तोच धबधबा पुष्कळदा आटून जातो, कड्यावर ओलाव्याचा काळा ओघळ तेवढा राहतो. शरदात ओकची पाने पिवळी होतात, नदी उथळ व निश्चल होते आणि कडे तिच्यात उलटे दिसू लागतात. मग हिवाळा. अ‍ॅडम्सचे एक विख्यात चित्र हिवाळी वादळ ओसरतानाचे आहे. पावसाचे हिम झाले, मेघ फाटले आणि क्षणभर सारी दरी उजळली. तो क्षण काही मिनिटांचा असेल. त्यासाठी त्याच जागेवर किती वेळा रिकाम्या हाताने परतावे लागले असेल, याची कल्पना आपण करावी. सेमिनरीत आम्हांला ध्यानधारणा शिकविताना सांगत असत की, प्रार्थनेत काही घडत नाही असे वाटले तरी वेळ पुरी झाल्याखेरीज गुडघ्यांवरून उठू नये. अ‍ॅडम्सची चित्रे पाहताना तो उपदेश आठवतो.

चौकटीबाहेर राहिलेले

इथपर्यंतचा इतिहास गोड आहे. पण सत्य सांगावयाचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. वॉटकिन्स येण्यापूर्वी दहा वर्षे, मार्च १८५१ मध्ये, एक सशस्त्र तुकडी या दरीत शिरली होती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आवानीची या आदिवासींना हुसकावणे हे तिचे काम होते. त्यांच्या झोपड्या व ओकच्या फळांचे साठे जाळण्यात आले. टेनाया हा त्यांचा प्रमुख. तेथील एका सरोवराला त्याचे नाव देत असल्याचे त्याला सांगण्यात आले, तेव्हा तो म्हणाला की त्या सरोवराला आधीच नाव आहे. पुढे काही कुटुंबे परतली, परंतु १९६९ मध्ये दरीतील त्यांची शेवटची वस्तीही हटविण्यात आली.

ज्या मोकळ्या कुरणांना प्रवासी ईश्वराचे अस्पर्श उद्यान समजले, ती कुरणे याच लोकांनी दरवर्षी मर्यादित आग लावून राखलेली होती. ते गेल्यावर झाडोरा दाटत गेला. अ‍ॅडम्सच्या बहुतेक दृश्यांत माणूस नाही. त्यामुळे तेथे कधी कोणी नव्हतेच असा भास होतो. कॅमेरा खोटे बोलत नाही असे म्हणतात. पण तो गप्प राहू शकतो.

आणि चित्र नेहमीच वाचवू शकते असेही नाही. योसेमिटीच्या उत्तरेस हेच हेची नावाची तशीच सुंदर दरी होती. भूकंपाने पोळलेल्या सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवे होते. जॉन म्यूर यांनी लेख लिहिले, त्या दरीची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली गेली, तरी १९१३ मध्ये धरणाला मंजुरी मिळाली. पुढल्याच वर्षी म्यूर वारले आणि १९२३ मध्ये दरी पाण्याखाली गेली. तहानलेल्या नगरीला दोष देणे सोपे नाही. परंतु बुडाले ते परत आले नाही, हेही तितकेच खरे. तो पराभव स्मरून अ‍ॅडम्स १९३६ मध्ये आपली चित्रे घेऊन वॉशिंग्टनला गेला. त्याचा सिएरा नेवाडा पर्वताचा चित्रग्रंथ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९४० मध्ये किंग्ज कॅन्यनचे उद्यान झाले.

आज धोका दुसऱ्या बाजूने आहे. फेब्रुवारीत एका कड्यावरील बारीक धबधबा मावळतीच्या किरणांनी अग्नीसारखा पेटतो. १९७३ मध्ये गॅलन रॉवेल यांनी त्याचे रंगीत छायाचित्र घेतले. आता तेच चित्र आपल्या फोनमध्ये हवे म्हणून इतकी गर्दी लोटते की नदीकाठची माती व झाडोरा तुडविला गेला आणि वाहनांवर निर्बंध घालावे लागले.

सर्व संतांच्या दिवशी

अ‍ॅडम्सचे सर्वांत गाजलेले चित्र मात्र योसेमिटीचे नाही आणि त्यात माणसाच्या खुणा आहेत. न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या गावावरून तो मोटारीने चालला असता त्याने पाहिले की, पूर्वेस चंद्र वर आला आहे आणि मावळत्या सूर्याची शेवटची किरणे गावच्या लहानशा चर्चमागील दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडली आहेत. घाईत प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला तोंडपाठ होती. तेवढ्या हिशेबावर त्याने चित्र घेतले. दुसरे घेण्यासाठी कॅमेरा तयार करीपर्यंत क्रुसांवरचा प्रकाश गेला होता.

एवढ्या काटेकोर माणसाने त्या चित्राची तारीख लिहून ठेवली नव्हती! वर्षही तो निरनिराळे सांगे. अखेर चंद्राच्या स्थितीवरून गणित मांडून १९९१ मध्ये ती तारीख निश्चित झाली: १ नोव्हेंबर १९४१. म्हणजे सर्व संतांचा सण आणि मृत भाविकांच्या दिनाची पूर्वसंध्या. आपण ज्या सायंकाळी आपल्या आप्तांच्या थडग्यांवर फुले व मेणबत्त्या नेण्याची तयारी करतो, तीच ती सायंकाळ. छायाचित्रकाराला याची जाणीव असल्याचे दिसत नाही. ज्याने चंद्रसूर्य नेमले, त्याला ती असावी.

हे सर्व लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे वसईच आहे. १९८९ मध्ये हरित वसईची चळवळ उभी राहिली आणि २०२४ मध्ये दिवंगत झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिच्यासाठी लेखणी व वाणी झिजविली. शब्दांनी त्यांनी आपले काम केले. चित्रांचे काम आपण कितपत केले? घरे आशीर्वादित करावयास गेलो असता एका घरी आम्हांला लग्नाचा जुना अल्बम दाखविण्यात आला. नवरानवरीच्या मागे केळीची बाग आणि पाण्याने भरलेले बावखल दिसत होते. नातवाने विचारले, "आजी, हे तळं कुठलं?" म्हातारी म्हणाली, "आपलंच. तू आता गाडी लावतोस ना, तिथं होतं." त्या बावखलाचे चित्र घ्यावे असे त्या दिवशी कोणाच्याही मनात नव्हते. ते मागे उभे होते म्हणून आले, इतकेच.

तेव्हा आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामात असे जुने अल्बम कसर लागण्यापूर्वी पाहिले जावेत आणि त्यांतील बागा, विहिरी व बावखले नोंदविली जावीत. आपल्या तरुणांनी, फोन हाती आहेच तर, उरलेल्या एखाद्या बावखलाचे एकाच जागेवरून आषाढात, आश्विनात, पौषात आणि वैशाखात छायाचित्र घ्यावे. काठावर पाणी भरणारी, बागेत राबणारी माणसे असतील तर त्यांना बाजूला व्हावयास सांगू नये. आणि प्रत्येक चित्रामागे जागेचे नाव व तारीख लिहावी. चंद्रावरून ती शोधून काढावयास पन्नास वर्षे लागतात.