दोन क्लच की तेलावरचा गिअरबॉक्स? सेकंडहॅन्ड ऑटोमॅटिक गाडीमागचा इतिहास

मंडळी, आजचा विषय गिअरबॉक्सचा आहे, पण आम्ही तो इतिहास म्हणून मांडणार आहोत. कारण सेकंडहॅन्ड गाडी घेताना आपण इतिहासच विकत घेत असतो. आपल्या अकलूजमध्ये हल्ली पुण्याकडच्या वापरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच येतात. गाडी चकाचक असते, किंमत परवडणारी असते. पण आत कोणता गिअरबॉक्स आहे, हे विचारणारे थोडे. आणि तो बिघडला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

या दोन्ही घराण्यांचा इतिहास 1939 साली एकत्र येतो, हा योगायोग बघा. त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘हायड्रा-मॅटिक’ आणला, 1940 च्या ओल्डस्मोबिल गाड्यांसाठी. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच-प्लेटऐवजी तेल. पुढे युद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकन रणगाड्यांत बसला. 1948 मध्ये ब्यूइकच्या ‘डायनाफ्लो’ने टॉर्क कन्व्हर्टर रुळवला. आज आपण ज्याला साधा ऑटोमॅटिक म्हणतो, तो याच वंशातला.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये अडॉल्फ केग्रेस या इंजिनिअरने दुसरी कल्पना मांडली. हा गृहस्थ एके काळी रशियाच्या झारच्या गाड्या सांभाळायचा. त्याचं म्हणणं असं: क्लच दोन ठेवा. एकाकडे 1, 3, 5 हे गिअर, दुसऱ्याकडे 2, 4, 6. एक गिअर चालू असताना पुढचा तयारच. कल्पना भारी, पण ती हाताळायला लागणारं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कुठं होतं? 1980 च्या दशकात पोर्शे आणि ऑडीने ती शर्यतीत वापरली, आणि 2003 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फमधून बाजारात आणली. ते क्लच तेलात बुडालेले, म्हणजे ‘ओले’ होते. 2008 मध्ये लहान इंजिनांसाठी सात गिअरचा ‘कोरडा’ प्रकार आला. हलका, मायलेजला चांगला. पण क्लच थंड करायला तेल नाही! 2013 मध्ये चीनमध्ये कंपनीला डीएसजीच्या तक्रारींमुळे 3.8 लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आता महाराष्ट्रात या. 2013 मध्येच चाकणच्या कारखान्यातली पोलो जीटी टीएसआय हाच कोरडा डीएसजी घेऊन आली. चालवायला मजेदार गाडी, यात वाद नाही. पण 2020 मध्ये पोलोला नवं 1.0 इंजिन मिळालं, तेव्हा त्याच कंपनीने तिला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर दिला. फोर्ड इकोस्पोर्टचंही तसंच: 2013 मध्ये दोन क्लच, 2017 च्या नव्या रूपात टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे मॉडेलचं नाव तेच, पण वर्ष बदललं की आतलं यंत्र वेगळं. उलट 2021 च्या टायगुनमध्ये एकाच वेळी दोन्ही: 1.0 ला टॉर्क कन्व्हर्टर, 1.5 ला डीएसजी. आणि 2022 मध्ये टाटाने अल्ट्रोझला दोन क्लचचाच, पण ओला गिअरबॉक्स दिला. म्हणून दोन क्लच म्हणजे वाईट, असा सरसकट निकाल देऊ नका. आधी विचारा, ओला की कोरडा?

अकलूजला याचं काय? गाळप हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे आपण पायी चालल्यासारखे रांगतो. आषाढात तुकोबांची पालखी येते, गोल रिंगण होतं, तेव्हा गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे. अशा रांगण्यात कोरडा क्लच सारखा घासतो आणि तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ते घसरणं तेल अंगावर घेतं, आणि तेल थंड करता येतं. गिअर बदलायला तो किंचित निवांत, पेट्रोलही थोडं जास्त पितो, पण त्या बदल्यात हा त्रास सोसतो.

मग आमचा सल्ला. मुख्य वापर गाव, शेत, कारखाना रोड असेल तर टॉर्क कन्व्हर्टर घ्या. आठवड्याला पुण्याची हायवेची फेरी असेल, दुरुस्तीसाठी पैसे बाजूला असतील आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायची तयारी असेल, तर दोन क्लचचा विचार करा. पाटीवर नुसतं ‘ऑटोमॅटिक’ असेल तर एएमटी किंवा सीव्हीटीही असू शकते, तेही विचारून घ्या.

बघायला जाताना इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. मग अर्धा तास चालवा, त्यातली दहा मिनिटं मुद्दाम गर्दीत. पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के, चढावर रिव्हर्स घेताना थरथर किंवा डॅशबोर्डवर गिअरचा दिवा दिसला तर सौदा थांबवा. सर्व्हिसची नोंद मागा. ओल्या डीएसजीला साधारण 60,000 किलोमीटरला तेल बदलावं लागतं, ते बदललंय का? आणि दोन क्लचची गाडी घेतलीच, तर चढावर ती ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. रांगेत इंच-इंच सरकू नका, पुढे जागा झाली की एकदम जा.

इतिहासातून एवढं घ्या: कुठल्याही यंत्राची परीक्षा त्याच्या जन्मगावी नाही, आपल्या रस्त्यावर होते. आता प्रश्न घेऊया.